एका सीटची गाडी

टी कोख, पेनलान
१४ जानेवारी २००६

प्रिय लुनेड,

फोनवर आपल्या घराण्यात कोणी दोन वाक्यांपुढे गेलेलं नाही. "बरंय ना?" "बरंय." मग दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत बसतो आणि टेलिफोन कंपनी श्रीमंत होते. म्हणून हे पत्र. अक्षर मोठं दिसेल. नवं जाड पेन घेतलंय, त्याला बारीक लिहिताच येत नाही.

ख्रिसमसला तू आली नाहीस. आत्याने तुझ्या नावाचा बारा ब्रिथ, तो मनुकांचा गोड पाव, भाजून ठेवला होता, तो शेवटी मीच चहात बुडवून संपवला. ती म्हणते पोरगी आली नाही, मी म्हणतो बोटी बंद असतील. शेटलंडची बोट वाऱ्याने बंद पडायला काय लागतं! हे मी तिला तीन वर्षं सांगतोय, आणि ती तीन वर्षं मान डोलावतेय. तिलाही कळतं आणि मलाही.

आता कामाचं. मागची शेड तू गेल्यापासून रिकामी आहे. त्यात आता शेजारच्या हायवेलच्या मेंढ्यांचं खाद्य पडलेलं असतं आणि उंदरांची भरभराट चालू आहे. तिथे पुन्हा एक गाडी उभी राहावी असं मनात आलंय. सुटे भाग आणून घरीच जोडायची, आपली नेहमीची पद्धत. पण या वेळी मोटारसायकलचं इंजिन आणि एकच सीट. बाजारातून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे वेळच वेळ आहे. मेंढ्यांचे लिलाव पुकारून पुकारून गेलेला घसासुद्धा परत आला.

सुटे भाग बनवणारी दोन घरं मनात धरली आहेत. एक लँकशायरमधलं: नळ्यांचा सांगाडा, इंजिन चालवणाऱ्याच्या पाठीशी, साखळी थेट मागच्या चाकांना. दुसरं सॉमरसेटमधलं: त्यांनी इंजिन चालवणाऱ्याच्या शेजारी बसवलंय, नवरा-बायकोसारखं. दिसायला विचित्र, पण वजनाचा तोल चांगला म्हणतात. दोन्हींत यामाहाचं हजार सीसीचं इंजिन बसतं. इंजिन मोटारसायकलचं, म्हणून मागे जायचा गिअरच नाही. मागे घ्यायची तर खाली उतरून ढकला.

खरा प्रश्न वेगळा आहे. रस्त्यासाठी बांधायची की शर्यतीसाठी? रस्त्यासाठी म्हणजे दिवे, मडगार्ड, आरसे, हॉर्न, सरकारी तपासणी आणि नंबरप्लेट. शर्यतीसाठी म्हणजे यातलं काही नको, आणि दिवस मोठे व्हायच्या आत ती चढाच्या शर्यतीला डोंगरावर उभी राहील. मध्येच मन बदललं तर दुप्पट काम, म्हणून हे आधीच ठरवावं लागतं.

तू ठरव. तू सांगशील तसं.

तुझा,
बाबा


लर्विक, शेटलंड
२ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

पत्र मिळालं. अक्षर खरंच मोठं आहे, आमच्या कॅप्टनने पलीकडच्या टेबलावरून वाचलं असतं.

रस्त्यासाठी बांधा.

कारणं सांगते. चढाच्या शर्यतीला एकट्या माणसाने जाणं म्हणजे दिवसभर चिखलात उभं राहून मिनिटभर घड्याळाशी स्पर्धा करत एकेकट्याने डोंगर चढणं. ट्रेलर लागतो, ओढणारी गाडी लागते, टायर बदलायला दुसरे हात लागतात. आपण जायचो तेव्हा आपण दोघं होतो, एकाच गाडीवर दोन नावं. ते आता होणार नाही. हे मी रागाने लिहीत नाहीये. फक्त तुम्ही मनात काही धरून बसू नये म्हणून स्पष्ट लिहिते. मी डोंगरावर येणार नाही.

रस्त्याची गाडी असेल तर रविवारी चॅपल आटोपून तुम्ही निघाल, डोंगर ओलांडून अ‍ॅबरिस्टविथला समुद्र बघाल, चिप्स खाल, अंधार पडायच्या आत परत. तुम्हाला एवढंच हवं असतं. शेड भरेल आणि तुम्ही आत्याच्या डोक्यावर बसणं कमी होईल.

लँकशायरची घ्या. शेजारी इंजिन ही नवलाई आहे, उन्हाळ्यात मांडी भाजून निघेल. मात्र तेलाचं बघा. मोटारसायकल वळणावर कलते, म्हणून तेल भांड्याच्या तळाशीच राहतं. गाडी कलत नाही. लांब वळण आलं की सगळं तेल एका भिंतीला जाऊन बसतं आणि पंप हवा ओढतो. इंजिन कोरडं पडलं की संपलं. त्यांना विचारा, भांड्यात आडव्या पट्ट्या घालून देतात का. आमच्या बोटीच्या इंजिनालाही हाच आजार आहे, फक्त इथे समुद्र कलतो.

आत्याला सांगा, बोट खरंच बंद होती. एक दिवस.

लुनेड


टी कोख
२० फेब्रुवारी

प्रिय लुनेड,

ठरलं तर मग. रस्ता. एकदा, दोनदा, तीनदा, हातोडा पडला.

तुझं पत्र आत्याने मोठ्याने वाचून दाखवलं. मी चष्मा कुठेतरी ठेवला होता. "चिप्स खाल" हे वाचताना ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. का हसली ते सांगेना.

लँकशायरवाल्याशी बोललो. तरुण आवाज होता. मला म्हणाला, "आजोबा, ही खेळण्यातली गाडी नाही हं." मी म्हटलं, "बाळा, मी चाळीस वर्षं मेंढपाळांना त्यांच्याच मेंढ्या विकल्या आहेत, तू मला काय शिकवतोस!" मग तो जरा नरम आला. तेलाच्या भांड्यात पट्ट्या घालून देतो म्हणाला. तुझं नाव सांगितलं नाही, मला सुचलं असंच दाखवलं.

सांगाडा एप्रिलमध्ये येईल. दिवे, आरसे आधीच मागवून ठेवतो. शेडमधून खाद्याची पोती काढली. हायवेल रुसला, पण मी त्याला वर्षभराचे वेल्श केक कबूल केले. भाजणार आत्या.

एक विचारायचं होतं. तुझा डावा गुडघा आता किती वाकतो? पूर्ण, की अजून अडतो? पाय सरळ ठेवून बसलीस तर दुखतो का? उंची तेवढीच ना, की तिकडच्या वाऱ्याने दोन इंच झिजलीस? बाप आहे, विचारणारच.

बाबा


लर्विक
११ मार्च

प्रिय बाबा,

गुडघा काटकोनापर्यंत वाकतो, त्यापुढे अडतो. सरळ ठेवला तर दुखत नाही. शिडी चढताना दुखतो, आणि इंजिनघरात शिडीशिवाय दुसरं काही नाही. उंची तेवढीच, पाच फूट तीन. डॉक्टरने विचारल्यासारखं विचारता आणि मग म्हणता बाप आहे.

इथे अजून चार वाजता अंधार झाल्यासारखं आभाळ. झाड एकही नाही, त्यामुळे वाऱ्याला थांबायला जागाच नाही. मला आवडतं. इथे कोणी विचारत नाही की तू पूर्वी काय करायचीस. गाडी मी अजून चालवत नाही. बंदर घरापासून चालत जाण्यासारखं आहे, आणि नसतं तरी चालतच गेले असते.

सांगाडा आला की फोटो पाठवा.

लुनेड


क्लॉड कॉटेज, पेनलान
६ मे

लाडके लुनेड,

तुझ्या बापाला न विचारता लिहितेय, आणि त्याला कळलं तर माझं काही खरं नाही. पण आता गप्प राहणं पाप वाटायला लागलंय. मला गोलगोल लिहिता येत नाही, सरळच सांगते.

तेगविनला दिसत नाही. आंधळा नाही गं, पण डोळ्यांच्या मधोमध डाग आलाय, दोन्ही डोळ्यांच्या. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. माझं तोंड बघायचं तर माझ्या कानाकडे बघावं लागतं त्याला. निवृत्त झाला म्हणून सांगतो ना? झाला नाही, व्हावं लागलं. बाजारात एका माणसाने भुवई उडवून बोली दिली आणि याला ती दिसलीच नाही. कळप दुसऱ्याला गेला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्या दिवशी घरी आला, हातोडा टेबलावर ठेवला आणि परत गेला नाही. गाडी चालवायचं लायसन्स त्याने गेल्या ऑक्टोबरमध्येच परत पाठवलं. ऑक्टोबरमध्ये, बये! तुला पहिलं पत्र लिहायच्या आधी.

तुझी पत्रं मीच वाचून दाखवते. तू अ‍ॅबरिस्टविथ आणि चिप्सचं लिहिलंस तेव्हा मला हसू नाही, रडू आलं होतं. त्याने तुला उलटं लिहिलं असणार.

आणि आता शेडमध्ये सांगाडा आलाय. हा माणूस दिवसभर त्याच्या पोटात डोकं घालून बसतो. हायवेल वाचतो, हा बोटांनी चाचपून तारा जोडतो. परवा दिवे लावले. पुढे दोन, मागे दोन, वळायचे पिवळे. मी म्हटलं, "तेगविन, ही चालवणार कोण?" तर म्हणतो, "चहा झाला का?" मी म्हटलं, "तुला फाटकापर्यंत ट्रॅक्टर नेता येत नाही. मागच्या आठवड्यात खांबाला धडकलास तो चालत!" तर म्हणतो, "खांबच पुढे आला."

मला वाटतं त्याला ते मान्यच होत नाहीये. गाडी पूर्ण झाली आणि हा एक दिवस त्यात बसून निघाला तर? तू रस्त्यासाठी म्हणालीस म्हणून रस्त्यासाठीच बांधायची म्हणे. तुझं ऐकतो तो. तू ये आणि त्याला समज दे. माझं म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तुझी,
ग्वेनी आत्या


लर्विक
१४ मे

बाबा,

आत्यावर रागवू नका. तिने सांगायला हवं होतं ते तिने सांगितलं. तुम्ही सांगायला हवं होतं ते तुम्ही सांगितलं नाही.

ऑक्टोबरमध्ये लायसन्स परत पाठवलंत आणि जानेवारीत मला विचारता, रस्त्यासाठी की शर्यतीसाठी. मी इथे बसून तुमच्यासाठी समुद्र आणि चिप्स ठरवत होते! तुम्ही तारा चाचपत होतात आणि मी तेलाच्या भांड्याचं शहाणपण शिकवत होते. मला किती मूर्ख बनवलंत, बाबा. जाड पेन म्हणे.

सांगाडा विकून टाका. लँकशायरवाला परत घेईल, नाहीतर कोणीतरी घेईल. तुम्ही त्यात बसायचं नाही, फाटकापर्यंतसुद्धा नाही. मला वचन द्या.

आणि आता लिहायला बसलेच आहे तर मी शर्यत का म्हटलं नाही तेही लिहिते, नाहीतर आपण दोघं लपवतच मरू.

आपण एका गाडीवर दोन नावं लावायचो. आधी मी वर जायची, गाडी खाली आणायची, उतरायची, दारावरचा आकडा बदलायचा, मग तुम्ही बसायचात. डोंगरावर सगळेच असं करतात. बाप-लेक, नवरा-बायको. एक चालवतो तेव्हा दुसरा खाली हेल्मेट घालून गाडीची वाट बघत उभा असतो. त्या दिवशी मी चॅपलच्या वळणावर बांधाला धडकले. हॉस्पिटलमध्ये डोळे उघडले तेव्हा तुम्ही खुर्चीत बसला होतात. अंगात शर्यतीचा पोशाख आणि हातांत हातमोजे. तुम्ही ते काढलेच नव्हते. गाडी येईल म्हणून जसे उभे होतात तसेच आला होतात.

पाय दुखतो त्याचं मला काही नाही. ते हातमोजे मला दिसतात. मी काहीही चालवलं तर खाली कोणीतरी असं उभं राहणार, हे मला नको होतं. म्हणून एवढ्या लांब आले. म्हणून तुमच्यासाठी रस्ता म्हटलं, म्हणजे तुम्ही एकटे जाल आणि एकटे याल, मध्ये मी नाही.

लुनेड


टी कोख
२५ मे

लुनेड,

हे पत्रही मी स्वतःच लिहितोय, आत्याला हात लावू दिला नाही. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर समजून घे.

वचन देतो. मी त्यात बसणार नाही. कधीच बसणार नव्हतो.

मी विचारलं होतं, रस्त्यासाठी की शर्यतीसाठी. कुणासाठी, हे मी लिहिलं नव्हतं. तुला वाटलं म्हातारा स्वतःसाठी विचारतोय, आणि मी तुला तसं वाटू दिलं. ही लबाडी माझी, तेवढी कबूल. पण सरळ लिहिलं असतं की पोरी, तुझ्यासाठी गाडी बांधतो, तर तू उत्तरसुद्धा दिलं नसतंस. हे तुलाही ठाऊक आहे.

गाडी पाच फूट तीनच्या माणसाची आहे. क्लच आणि ब्रेक चार बोटं जवळ आणले आहेत. डावा गुडघा काटकोनात वाकवावा लागणार नाही अशा बेताने जागा केली. लँकशायरचा पोरगा म्हणाला, "आजोबा, तुमचे पाय मावणार नाहीत." मी म्हटलं, "मावू नयेतच." क्लच फक्त निघताना लागतो, पुढे बोटाने गिअर टाकत जायचं, म्हणून तर मोटारसायकलचं इंजिन घेतलं. तुझ्या पायाला त्रास नको म्हणून. एकच सीट घेतली ती एवढ्यासाठी, की मी शेजारी बसावं असं तुला वाटू नये आणि मी बसत नाही याचंही वाईट वाटू नये.

तू रस्ता म्हणालीस तेव्हा आधी खट्टू झालो. मग रात्रभर विचार केला आणि मला आनंदच झाला. शर्यतीची गाडी ट्रेलरवर घालून कुणीतरी आणावी लागते. रस्त्याची गाडी आपण होऊन घरी येते. तुला येता येईल आणि नकोसं झालं की जाताही येईल, कुणाला विचारायला नको. मला एवढंच हवं होतं. तू घरी येत नाहीस, लुनेड. माझ्या डोळ्यांतून आधी कागद गेले, मग माणसांची तोंडं जायला लागली. आत्याचं गेलं. तुझं तोंड मी तीन वर्षांत पाहिलेलं नाही, आणि मी उरलेल्या डोळ्यांनी त्याची वाट बघतोय. आता सांगितलं. झालं.

हातमोज्यांचं मला आठवत नाही. पण तू म्हणतेस तर असतील.

सांगाडा विकायचा तर तू विक. तुझा आहे.

बाबा


लर्विक
१० सप्टेंबर

प्रिय बाबा,

पोचले. बोटीत रात्रभर कुणीतरी बॅगपाइप वाजवत होतं, त्याला समुद्रात ढकलायची इच्छा आवरली.

ऑगस्टमध्ये दारात उभी राहिले तेव्हा तुम्ही माझ्या कानाकडे बघितलंत आणि म्हणालात, "केस कापलेस?" एवढंच. आत्याने डोळ्यांना पदर लावला असता, तिच्याकडे पदर नाही म्हणून तिने टेबलक्लॉथ लावला. मी बॅग आत ओढली. आपलं खानदान!

माझ्या अंगाच्या मापाची सीट ओतली तो दिवस मी विसरणार नाही. मी सांगाड्यात हेल्मेट घालून बसलेली, अंगाखाली आणि पाठीमागे काळ्या कचऱ्याच्या पिशव्या, हायवेल दोन डब्यांतलं रसायन बादलीत ढवळतोय. तुम्ही ओरडताय, "हलू नकोस! श्वाससुद्धा निम्मा घे!" आणि तो फेस पाठीमागून फुगत वर यायला लागला, गरम गरम, कंबरेला, बरगड्यांना भिडत. आत्या म्हणाली, "अगं बाई, ही तर पावासारखी फुगतेय." आणि मला हसू आलं, आणि तुम्ही चिडलात की हसलीस तर आयुष्यभर हसऱ्या आकाराच्या सीटवर बसशील. फेस कडक झाल्यावर तुम्ही मला उठवलंत आणि त्या खाचेत हात फिरवलात. वरपासून खालपर्यंत, सावकाश. डाव्या बाजूला, जिथे माझं कंबरेचं हाड वाकडं जुळलंय, तिथे हात थांबला. तुम्हाला काय कळलं ते मला कळलं. तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "चहा टाकते."

तपासणीत पास झाली हे हायवेलने फोनवर सांगितलं. टोकदार काही चालत नाही म्हणून प्रत्येक धारेला रबर, प्रत्येक नटाला टोपी लावून नेली होतीत ना? आता सगळं ओरबाडून काढलं असेल. पास झाल्यावर सगळेच काढतात, तपासणारेही दुसरीकडे बघतात.

आता मुख्य. रागावू नका. मी गाडी रस्त्यावरून इकडे आणणार नाही. इकडच्या समुद्राचं मीठ तिचा सांगाडा दोन हिवाळ्यांत खाऊन टाकेल. पण नंबरप्लेटवाल्या गाड्यांना डोंगरावर वेगळा गट असतो, तुम्हाला माहीत आहेच. ऑक्टोबरच्या शेवटच्या शर्यतीला मी नाव दिलंय. पेनलानच्या डोंगरावर. अर्जात दुसऱ्या चालकाच्या जागी रेघ मारली. ती मारताना बराच वेळ पेन हातात धरून बसले होते.

मला भीती वाटते, बाबा. खूप वाटते. पण तुम्ही माझ्या मापाची गाडी चाचपून बांधलीत आणि ती शेडमध्ये उंदरांना मी देणार नाही.

तुम्ही यायलाच हवं असं नाही.

लुनेड


टी कोख
२४ ऑक्टोबर

प्रिय लुनेड,

शनिवारी तू समोर होतीस तेव्हा मला हे बोलता आलं नाही. मी चहा आणला आणि तो तुझ्या बुटावर सांडला. त्यामुळे आता लिहितो.

मी यायलाच हवं असं नाही म्हणे! आत्याने मला हाताला धरून चॅपलच्या वळणापाशी नेलं. लोकांनी जागा करून दिली. तिथे आपल्याला सगळे ओळखतात. पाऊस पडून गेला होता, रस्ता ओला होता, पानं पडलेली. आत्या मला सांगत होती, आता निळी गाडी आली, आता हिरवी. मी म्हटलं, "ग्वेनी, थोडा वेळ तोंड मिट. मला ऐकू दे."

चाळीस वर्षं मी त्या वळणाबद्दल एकच गोष्ट सांगत आलो. तिथे अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढणारा कधी जिंकत नाही. क्लबमध्ये सांगितलं, बाजारात सांगितलं, जेवताना सांगितलं. तू लहान होतीस तेव्हा तुला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून सांगितलं. तुला ते किती वेळा सांगितलं याचा मला आता हिशेब लागत नाही. आणि त्या दिवशी तू ते ऐकलंस.

तुझा आवाज खालून आला. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. त्या इंजिनाचा आवाज चिरत वर येतो, तो मी शेडमध्ये ऐकला होता, पण डोंगरावर तो वेगळाच लागतो. मला कडेची झाडं दिसत होती आणि मधे काही नाही. मी कुंपणाची तार धरली. देवाशी माझं फारसं बोलणं नसतं हे तुला माहीत आहे, चॅपलमध्ये मी गाण्यांसाठी जातो. पण तिथे उभा राहून मी एवढंच म्हणत होतो, काढ, पोरी. पाय काढ. हरलीस तरी चालेल, माझं सगळं खोटं पडलं तरी चालेल, पाय काढ.

तू काढलास. मला स्पष्ट ऐकू आलं. आवाज एकदम खाली आला, वळण संपेपर्यंत तसाच राहिला, आणि मग पुन्हा चढत चढत वर निघून गेला. दुसऱ्या फेरीला तेच, तिसऱ्या फेरीला तेच. गटात शेवटून दुसरी आलीस म्हणे.

मी तार सोडली तेव्हा हातावर वळ उठले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. डॉक्टर म्हणतात पाणी यायला त्यांना काही झालेलं नाही, तेवढं काम ते अजून नीट करतात.

ग्वेनी माझी बाही ओढून विचारत होती, "तेगविन, पोरगी प्रत्येक वेळी तिथे हळू का झाली रे? गाडीचं काही बिघडलंय का?"

मी म्हटलं, "नाही. काही बिघडलेलं नाही."

तुझा,
बाबा